आभारी आहे, भिडू

नोव्हेंबरच्या पंधरा तारखेला आमच्या शाळेला सुट्टी असते, कारण त्या दिवशी हरणांच्या शिकारीचा हंगाम उघडतो आणि वर्गात मुलं तर सोडाच, शिक्षकसुद्धा उरत नाहीत. बाबा आणि माझा मोठा भाऊ आदल्या दिवशीच नारिंगी जाकिटं चढवून रानातल्या झोपडीकडे निघून गेले होते.

"आणि तू गं हेल्मी?" आईने विचारलं.

"मी पण शिकारीलाच चाललेय," मी म्हटलं, "सोनेरी गुणांच्या!"

आईने माझ्याकडे असं पाहिलं की जणू घरात दुसरीच कुणी मुलगी शिरलीय. तिचीही चूक नव्हती. दीड वर्षापूर्वीपर्यंत मी घरातही दिवसाला दहा-बारा वाक्यांवर भागवायची. शाळेत तर विचारूच नका. उत्तर येत असलं तरी सगळा वर्ग वळून बघतोय म्हटलं की माझी दातखीळ बसायची. आणि आता ही मी, सोळा वर्षांची, गाडीचा परवाना मिळून जेमतेम सहा आठवडे झालेली, चार तासांवरच्या ग्रीन बे शहरात ब्रिजच्या, म्हणजे पत्त्यांच्या, स्पर्धेला निघाले होते. शेजारच्या सीटवर बसल्या होत्या माझ्या भिडू, मिसेस व्हर्ना ट्रेझोना, वय वर्षे ब्याऐंशी. गाडी त्यांचीच. पण त्या आता चालवू शकत नव्हत्या.

त्यांच्या डोळ्यांच्या बरोबर मधोमध धुकं साचत चाललं होतं. समोर बघितलं की माणसाचा चेहराच पुसल्यासारखा व्हायचा; कडेनं बघितलं तर दिसायचा. म्हणून पत्ते हातात आले की त्या कोंबडीसारखी मान तिरकी करून एका बाजूने बघायच्या. डॉक्टरांनी सांगितलं होतं की वसंत ऋतू येईपर्यंत पत्ते तसेही दिसेनासे होतील. आणि त्यांना 'लाइफ मास्टर', म्हणजे ब्रिजमधला जन्मभराचा मानाचा किताब, मिळायला फक्त सोनेरी गुण कमी पडत होते. किती? एक पूर्णही नाही! एकतीस वर्षं खेळून बाकी सगळे गुण जमले होते, पण सोनेरी गुण फक्त मोठ्या स्पर्धेत मिळतात, आणि आमच्या बाजूला मोठी स्पर्धा येते वर्षातून एकदा. म्हणजे हे वर्ष, नाहीतर कधीच नाही. दुपारच्या सत्रात आमच्या गटात पहिल्या दोनांत आलो तर काम फत्ते.

हे सगळं मला ठाऊक होतं आणि मी प्रत्येक वळणावर गरजेपेक्षा आधीच ब्रेक दाबत होते.

"हरणांकडे लक्ष ठेव," मिसेस ट्रेझोना म्हणाल्या.

"आज कशाला येतील ती रस्त्यावर? आज सगळी घाबरून लपलीत."

"मग तू का त्यांच्यासारखी दिसतेयस?"

"तुम्हाला कुठे दिसतेय मी!"

"कडेनं दिसतेस," त्या म्हणाल्या, "आणि कडेनं तर आणखीच घाबरलेली दिसतेस."

आमची ओळख चर्चच्या तळघरातली. पाद्रीबाबांनी आम्हा पोरांना सेवेचे तास नेमून दिले होते, आणि माझ्या वाट्याला दर गुरुवारी दुपारी ब्रिज क्लबला कॉफी द्यायचं काम आलं. तळघराच्या भिंतीवर खिळ्यांच्या दोन ओळी आहेत. प्रत्येक सभासदाचा स्वतःचा कप. खालच्या ओळीत साधे सभासद, वरच्या ओळीत लाइफ मास्टर. मिसेस ट्रेझोनांचा कप खालच्या ओळीत डावीकडून तिसरा होता, निळा, कानाचा टवका उडालेला. मला कप नव्हता, मी कागदी पेल्यात प्यायची. मला ते काम आवडायचं, कारण ट्रे हातात असला की कुणी आपल्याला काही विचारत नाही.

मग एका गुरुवारी त्यांची नेहमीची भिडू, युनिस, कायमची ॲरिझोनाला लेकीकडे निघून गेली आणि एक टेबल तिघांवरच अडलं.

"ए पोरी," मिसेस ट्रेझोना म्हणाल्या, "तेरापर्यंत मोजता येतं ना?"

मी मान हलवली.

"मग ठेव तो ट्रे आणि बस."

"मला... मला बोलता येत नाही," मी पुटपुटले. मला म्हणायचं होतं, बोली लावता येत नाही. पण खरं तेच निघून गेलं तोंडातून.

त्या हसल्या नाहीत. टेबलाच्या कोपऱ्याला एक छोटी पेटी अडकवलेली होती, ती त्यांनी माझ्याकडे सरकवली. आत छापील कार्डं, ओळीने लावलेली. "इथे कुणीच बोलत नाही," त्या म्हणाल्या. "जे म्हणायचं ते कार्ड काढायचं आणि टेबलावर ठेवायचं. एकंदर पंधरा शब्द आहेत. एक ते सात आकडे, चार रंग, नो ट्रम्प म्हणजे बिनहुकूम, पास, डबल आणि रीडबल. तुझ्या शाळेत किती शब्द वापरावे लागतात?"

"खूप."

"मग इथे चैन आहे तुझी."

खरंच चैन होती! चार माणसं, समोरासमोरचे दोघे भिडू, प्रत्येकाला तेरा पत्ते. खेळ सुरू व्हायच्या आधी लिलाव. आपण किती हात जिंकू, कुठला रंग हुकूम करायचा, हे बोलीतून ठरवायचं. पण खरी गंमत अशी की प्रत्येक बोली म्हणजे समोरच्या भिडूला दिलेला निरोप असतो. माझ्याकडे काय आहे ते तिला दिसत नाही, तिच्याकडचं मला दिसत नाही, आणि मधे फक्त पंधरा शब्द. मी पहिल्या दिवशी काहीच नसताना 'दोन बदाम' म्हटलं, फुशारकीने. आम्ही सणकून आपटलो. मिसेस ट्रेझोनांनी मला एकच गोष्ट सांगितली.

"पोरी, नाही ते सांगू नकोस आणि आहे ते लपवू नकोस. मी तुझ्यावर विश्वास ठेवून पुढची बोली लावते."

माझ्यावर विश्वास ठेवून! माझ्या म्हणण्यावर कुणीतरी काहीतरी उभं करणार होतं. मी त्या रात्री झोपले नाही. पुढच्या महिन्यात इतिहासाच्या तासाला मी हात वर केला. सरांचा खडू खाली पडला.

असो. ग्रीन बे.

हॉटेलचं सभागृह म्हणजे शंभरेक टेबलं, आणि तरी चर्चमधल्यासारखी शांतता. फक्त कार्डांची फडफड. माझ्या वयाचं कुणीच नव्हतं. एका आजोबांनी मला पाणी आणायला सांगितलं. मी आणून दिलं आणि मग त्यांच्याच टेबलावर बसून त्यांना हरवलं. मिसेस ट्रेझोना टेबलाखालून माझ्या पायाला पाय लावून म्हणाल्या, "माज करू नकोस." पण त्याही खुशीत होत्या. शेवटचा डाव उरला तेव्हा भिंतीवरच्या यादीत आम्ही तिसरे होतो. दुसऱ्या नंबरच्या जोडीच्या अगदी एका श्वासाएवढे मागे.

शेवटच्या टेबलावर आमच्यासमोर आले मिलवॉकीचे एक दाताचे डॉक्टर, मिस्टर प्रेस्टन हालव्हर्सन, आणि त्यांची बायको लोइस. डॉक्टरांचे बूट असे चकचकीत की त्यात पत्ते दिसावेत.

मी माझे तेरा पत्ते उचलले. चौकटचे सहा! राणी, गुलाम, नव्वी, सत्ती, पंजी, तिर्री. बदामाची एकुलती एक अठ्ठी. बाकी इस्पिक-किलवरचा पालापाचोळा. म्हणजे हात दुबळा, एक्का ते गुलाम मोजून होतात ते पॉइंट जेमतेम तीन, पण चौकट हुकूम झाला तर त्यात जीव होता.

मिसेस ट्रेझोनांनी मान तिरकी करून आपले पत्ते निरखले, वेळ घेतला आणि कार्ड ठेवलं: एक नो ट्रम्प. म्हणजे, माझ्याकडे भक्कम हात आहे आणि सगळ्या रंगांत थोडं थोडं आहे. डॉक्टर पास. मी उत्साहाच्या भरात हात घातला पेटीत आणि ठेवलं: दोन चौकट. चौकट हुकूम करू या, इथेच थांबू या, असं मला म्हणायचं होतं.

आणि मिसेस ट्रेझोना नियमाप्रमाणे मोठ्याने म्हणाल्या, "ट्रान्सफर. तिच्याकडे बदाम आहेत."

आणि मला आठवलं.

आमच्या दोघींत ठरलेलंच होतं तसं, सहा महिन्यांपूर्वीपासून. समोरच्याने एक नो ट्रम्प म्हटलं की 'दोन चौकट' म्हणजे चौकट नाही. 'माझ्याकडे पाच तरी बदाम आहेत, तू बदाम बोल' असा तो निरोप. बहुतेक सगळे असंच खेळतात. असं ठरलेलं असलं की भिडूने ते प्रतिस्पर्ध्यांना मोठ्याने सांगायचं असतं, म्हणजे कुणाला फसवल्यासारखं होत नाही. पण मी शिकले तेव्हा पहिले काही महिने आम्ही साधंच खेळायचो, चौकट म्हणजे चौकट. आणि घाईत, त्या सहा चौकटच्या प्रेमात पडून, मी जुन्या सवयीने गेले. आणि माझ्याकडे बदाम होता एक. एक!

लोइस पास. मिसेस ट्रेझोनांनी माझ्यावर विश्वास ठेवून ठेवलं: दोन बदाम. डॉक्टर पास. पाळी माझी.

आता बघा, मला सुटायला दोन वाटा होत्या. पहिली म्हणजे आधीच, कार्ड ठेवल्या ठेवल्या म्हणायचं की हात घसरला, मला शेजारचं कार्ड काढायचं होतं. पेटीतून खरोखर चुकीचं कार्ड निघालं तर पंच ते बदलू देतात, आणि माझ्या डोक्यात शिरून कोण बघणार होतं? पण माझा हात घसरला नव्हता, डोकं घसरलं होतं. दुसरी वाट आणखी सोपी होती: पास म्हणायचं. दोन बदामांवर आपटलो असतो, पण खालच्या पायरीवरून, थोडक्यात.

मला पास म्हणायचं होतं. सगळं अंग पास म्हणत होतं. पण माझी चूक मला कळली कशामुळे? तर मिसेस ट्रेझोना मोठ्याने बोलल्या म्हणून. आणि त्यांचं ते बोलणं प्रतिस्पर्ध्यांसाठी होतं, माझ्यासाठी नव्हतं. हे त्यांनीच मला शिकवलं होतं, तळघरात, डोळे मिटून: "भिडूचा आवाज, भिडूचा उसासा, भिडूच्या भुवया, यातलं काहीच तुझं नाही. तुझे फक्त पत्ते आणि कार्डं. बाकी ऐकलंस तरी ऐकलं नाहीस." म्हणजे मी असंच वागायला हवं होतं की जणू त्या काही बोललेल्याच नाहीत. मी चौकट म्हटली, त्यांनी उत्तरादाखल बदाम म्हटला. मग मी खरंच काय केलं असतं? पुन्हा चौकट म्हटली असती. चौकटच तर आहे माझ्याकडे!

पण तीन चौकट म्हटलं की मिसेस ट्रेझोनांना काय वाटणार, हेही मला माहीत होतं. त्यांना वाटणार, पोरीकडे बदामही आहेत, चौकटही आहे, आणि हात दणदणीत आहे. त्या वर चढणार. त्यांच्या एकतीस वर्षांचं मातेरं होणार, आणि तेही माझ्या हातून.

मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. मला भीती वाटली की पाहिलं तर मी पास म्हणेन. मी कार्ड ठेवलं: तीन चौकट.

मिसेस ट्रेझोनांनी मान तिरकी केली, पत्ते पुन्हा पाहिले, आणि ठेवलं: तीन नो ट्रम्प. म्हणजे सहाच्या वर तीन, तेरापैकी नऊ हात जिंकायचे, हुकूम कुठलाच नाही. माझ्या त्या पालापाचोळ्याच्या जिवावर.

पुन्हा मोह. आता 'चार चौकट' म्हणून पळ काढावा का? पण त्यालाही कारण एकच असलं असतं, जे मी ऐकायलाच नको होतं ते. मी पास म्हटलं. सगळ्यांनी पास म्हटलं.

डॉक्टरांनी इस्पिकचा एक लहान पत्ता टाकला आणि खेळ सुरू झाला. आता बोली जिंकणाऱ्याच्या भिडूने, म्हणजे मी, आपले पत्ते टेबलावर उघडे मांडायचे आणि गप्प बसायचं. मी मांडले. इस्पिकचे तीन, किलवरचे तीन. मग चौकटचे सहा, लांबच लांब रांग. मग ती एकटी बदामाची अठ्ठी. मला वाटलं तीच सगळ्यात मोठ्याने ओरडतेय.

डॉक्टरांचा हात हवेतच थांबला. लोइसने भुवया टाळूपर्यंत नेल्या.

आमच्या खेळात एक रीत आहे. समोरचे उघडे पत्ते कसेही असोत, सोनं असो की माती, खेळणाऱ्याने भिडूचे आभार मानायचे. बहुतेक लोक पुटपुटतात. काही लोक दात खात म्हणतात.

मिसेस ट्रेझोनांनी मान तिरकी केली. एकेक रांग कडेनं पाहिली. त्या अठ्ठीपाशी बराच वेळ थांबल्या. मग नेहमीच्याच स्वरात, जणू मी चारही एक्के मांडलेत, म्हणाल्या, "आभारी आहे, भिडू."

मला रडूच येणार होतं.

आणि मग त्या खेळल्या. डॉक्टरांकडे इस्पिकचा राजा होता आणि ते त्याच्याखालून खेळले होते, त्यामुळे मिसेस ट्रेझोनांची राणी जिंकली. एक. चौकटचा एक्का, दोन. चौकटचा राजा, तीन. आता तिसऱ्यांदा चौकट खेळून माझ्या राणीकडे यायचं होतं. त्यांच्या हातात लाल पत्ते उरले होते तीन, आणि मला दिसत नसलं तरी त्यांच्या बोटांवरून कळत होतं की त्या अडल्यात. चौकटची दुर्री की बदामाची छक्की? लाल आणि लाल. चुकीचा लाल पडला तर डॉक्टर बदामांचा पाऊस पाडणार. उघडे पत्ते मांडलेल्याने काही सुचवायचं नसतं, श्वाससुद्धा जपून घ्यायचा असतो. मी छताकडे बघत बसले.

त्यांनी मान डावीकडे केली. मग उजवीकडे. मग एक पत्ता नाकापाशी नेला, आणि लोइस खुदकन हसली. आणि त्यांनी ठेवली दुर्री. चौकटची!

डॉक्टरांची दश्शी खाली आली आणि माझे चौकट मोकळे सुटले, राणी, गुलाम, नव्वी, सत्ती, सगळे. सात हात झाले. मग इस्पिकचा एक्का, आठ. बदामाचा एक्का, नऊ.

नऊ!

"पंच!" डॉक्टरांनी हात वर केला.

पंच आले. मिस्टर ऑर्विल बर्गडॉर्फ, चष्मा कपाळावर, खांद्यापासून गुडघ्यापर्यंत लोंबणारा स्वेटर. "बोला."

"या बाईंनी आम्हाला सांगितलं की पोरीकडे पाच बदाम आहेत," डॉक्टर म्हणाले. आवाज चढा नव्हता, पण धार होती. "आहे एक. एक! माझ्याकडे बदामाचा राजा, गुलाम, नव्वी होती. मी बदाम टाकला असता तर यांचे आठच हात झाले असते. पण समोर पाच बदाम आहेत म्हटल्यावर कोण शहाणा बदाम टाकेल?"

"मी टाकला असता," लोइस म्हणाली.

"लोइस, तू गप्प बस."

पंचांनी आमचा ठरावांचा तक्ता उचलला. प्रत्येक जोडीला तो टेबलावर ठेवावाच लागतो. कुठली बोली म्हणजे काय, ते सगळं त्यात. आमचा तक्ता मिसेस ट्रेझोनांनी जाड काळ्या मार्करने लिहिला होता, पोस्टरसारखा. पंचांनी चष्मा खाली ओढलासुद्धा नाही. "दोन चौकट म्हणजे बदाम. इथे लिहिलंय." मग ते माझ्याकडे वळले. "तू का ठेवलंस ते कार्ड?"

सगळं टेबल माझ्याकडे बघत होतं. शेजारची दोन टेबलंही. दीड वर्षापूर्वी असती तर मी खुर्चीसकट जमिनीत गेले असते. आताही उठून पळावंसं वाटलं. कारण मला दिसत होतं की मी जे सांगेन त्यावर सगळं ठरणार, आणि खरं सांगितलं तर कदाचित सगळं जाणार.

नाही ते सांगू नकोस. आहे ते लपवू नकोस.

"मी विसरले," मी म्हटलं. "मला चौकटच म्हणायची होती. आमचं ठरलेलं मी साफ विसरले. मिसेस ट्रेझोना 'ट्रान्सफर' म्हणाल्या तेव्हा आठवलं."

"तेव्हाच आठवलं?"

"त्याच क्षणी."

"मग त्यांनी दोन बदाम म्हटल्यावर तू पास का नाही म्हणालीस? सुटली असतीस."

"हो, पण मला आठवलं ते त्यांच्या बोलण्यामुळे. माझ्या पत्त्यांमुळे नाही. त्या बोलल्या नसत्या तर मी पुन्हा चौकटच म्हटली असती. म्हणून म्हटली." मग मला थांबताच येईना. "आणि तीन नो ट्रम्पनंतर मला पळायचं होतं, खूप पळायचं होतं, पण तेही त्यामुळेच झालं असतं, म्हणून नाही पळाले. आम्ही आपटणार अशी माझी खात्री होती. सॉरी. म्हणजे नियमाबद्दल सॉरी नाही. विसरले त्याबद्दल सॉरी."

पंचांनी चष्मा कपाळावरून काढला आणि स्वेटरला पुसला. "मी दुसऱ्या पंचांशी बोलून येतो," ते म्हणाले. "निकाल यादीवर लागेल."

आम्ही बाहेरच्या बाकावर जाऊन बसलो. मिसेस ट्रेझोनांनी पिशवीतून फॉइलमध्ये गुंडाळलेली पास्टी काढली, मांस-बटाटा-सलगम भरलेली, सकाळी त्यांनीच भाजलेली. तिचे दोन तुकडे केले. मी खिशातून केचपची पुडी काढली.

"केचप!" त्या म्हणाल्या. "सहा चौकट आणि तीन पॉइंटांवर तोंड उघडणारी मुलगी पास्टीवर केचपच घालणार."

"मी सॉरी म्हणतेय ना."

"पास म्हणायला काय होत होतं तुला पहिल्यांदाच? कार्ड हिरवं असतं. आंधळीला दिसतं."

"मला तुम्हाला वाचवायचं होतं एक नो ट्रम्पमधून."

"सतरा पॉइंट होते माझ्याकडे! मला कशाला वाचवतेस?" त्यांनी एक घास घेतला, सावकाश चावला. मग म्हणाल्या, "तू तीन चौकट ठेवलीस ना, तेव्हा तुझा हात थरथरत होता."

"तुम्हाला दिसलं?"

"कडेनं. आणि ते मला दिसायला नको होतं, म्हणून मी ते पाहिलं नाही." त्या मिस्कील हसल्या. "म्हणून मी तुझ्यावर विश्वास ठेवला आणि तीन नो ट्रम्प म्हटलं."

मी पास्टी हातात धरून बसून राहिले. म्हणजे समोरासमोर बसून आम्ही दोघी एकच काम करत होतो, आणि एकमेकींना पत्ता नव्हता.

"गुण गेले तर?" मी विचारलं. "तुमचे एकतीस वर्षांचे..."

"गेले तर मी तुला रस्ताभर टोमणे मारीन. चार तास. बर्फ पडला तर सहा." मग त्यांनी माझ्या गुडघ्यावर थोपटलं. "पण त्या माणसासमोर तू जे बोललीस ना, ते ऐकायला मी याहून लांब आले असते."

यादीभोवती गर्दी झाली तशी मी घुसले. आमच्या गटात: दुसरे. ट्रेझोना आणि लाहती, म्हणजे मी. मी तीन वेळा वाचलं, मग बोट ठेवून वाचलं. स्पर्धेत तेच पत्ते टेबलाटेबलांवर फिरतात, आणि ते खेळलेल्या तेरा टेबलांपैकी आमच्याशिवाय तीन नो ट्रम्पवर कुणी गेलंच नव्हतं. जायला वेड लागावं लागतं.

मिस्टर बर्गडॉर्फ शेजारी उभे होते. "डॉक्टरांना चुकीची माहिती दिलीच नव्हती," ते म्हणाले, "ठराव खरा होता, चूक तुझी होती, आणि पत्त्यात चूक करायला आमची बंदी नाही. पास म्हणाली असतीस तर मात्र मी गुण काढून घेतले असते." मग डॉक्टर आले. मला वाटलं आता ऐकवणार. त्यांनी हात पुढे केला. "पुढच्या वेळी मी बदाम टाकीन," ते म्हणाले. "अजून सांगतेय, मी आधीच टाकला असता," मागून लोइस.

मी धावत बाकापाशी गेले आणि सगळ्या हॉटेलला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "मिसेस ट्रेझोना! तुम्ही लाइफ मास्टर आहात!" कुणीतरी शूऽऽ केलं. मी आणखी मोठ्याने ओरडले.

त्यांनी मान तिरकी केली आणि माझ्याकडे कडेनं पाहिलं. पिशवीतून रुमाल काढायला त्यांना फार वेळ लागला.

पुढच्या गुरुवारी मी घरून वेलचीचा नीसू पाव भाजून नेला, आईच्या मदतीशिवाय, थोडा करपलेला. सगळा क्लब तळघरात उभा होता. मी स्टूल घेतलं, खालच्या ओळीतून टवका उडालेला निळा कप उचलला आणि वरच्या ओळीत लटकवला. टाळ्या झाल्या.

"छान दिसतोय," मिसेस ट्रेझोना म्हणाल्या, "असं तुम्ही सांगताय म्हणून मानते. पण तिथे माझा हात पोहोचत नाही. आता मी कॉफी कशात पिऊ?"

"मी काढून देईन ना."

"दर गुरुवारी?"

"दर गुरुवारी."

"वसंतातही? मला पत्ते दिसेनासे झाल्यावर मी नुसती बसून तुझ्या चुका ऐकणार आहे, सांगून ठेवते."

"वसंतातही," मी म्हटलं. "उन्हाळ्यातही."

त्यांनी खालच्या ओळीतला रिकामा खिळा बोटांनी चाचपला, डावीकडून तिसरा. "मग इथे तुझा अडकव," त्या म्हणाल्या. "कागदी पेल्यात पिणाऱ्यांशी मी खेळत नाही."

मी कप आणलेला नव्हताच, मला काय माहीत! त्या दिवशी शेवटचा म्हणून पुन्हा कागदी पेला घेतला, त्यांना त्यांचा निळा कप काढून दिला, आणि आम्ही समोरासमोर बसलो. पहिल्याच डावात मी बोली जिंकले आणि मिसेस ट्रेझोनांनी आपले पत्ते टेबलावर मांडले. लाल पत्ते एकमेकांत मिसळले होते, एक चौकट बदामांच्या रांगेत जाऊन बसली होती. मी ती उचलून तिच्या जागी ठेवली. मग म्हणायचं ते म्हटलं, पुटपुटत नाही, चांगलं तळघरभर ऐकू जाईल असं.

"आभारी आहे, भिडू."

"खेळ आता," त्या म्हणाल्या.